‘घाबरू नकोस’ म्हटल्याने भीती जाते का?

घाबरलेल्या माणसासाठी आपल्याकडे घरोघरी एकच औषध तयार असतं, "मन घट्ट कर." पैसे पडत नाहीत, शिवाय देणाऱ्याला समाधान! गुण आल्याचं मात्र माझ्या पाहण्यात नाही. इतकी वर्षं मास्तरकी केली, पण दहावीच्या पेपरला हात थरथरणारं मूल नुसत्या "घाबरू नकोस"ने शांत झालेलं कधी दिसलं नाही.

मी डॉक्टर नाही, मराठी माध्यमातला बी.ए. पण निवृत्तीनंतर वाचायला वेळ आहे. आपल्या मेंदूत कानशिलांच्या आत, दोन्ही बाजूंना बदामासारखा एकेक पेशींचा पुंजका असतो, ॲमिग्डाला. ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थही बदामच. धोक्याची चाहूल घेणं हे त्याचं एक मोठं काम. न्यूयॉर्कच्या जोसेफ लदू यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की आवाजाची खबर या बदामाकडे दोन वाटांनी जाते. एक जवळची पण धूसर. दुसरी विचार करणाऱ्या मेंदूतून जाणारी, लांबची पण स्पष्ट. म्हणजे दोरी की साप हे ठरायच्या आधीच छाती धडधडू लागते! मग उपदेश कितीही चांगला असला तरी तो उशिराच पोचणार ना?

आता "सगळा खेळ त्या बदामाचा" असंही नाही बरं का. अमेरिकेत ‘एस. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी एक बाई आहे. आजाराने तिचे दोन्ही बदाम निकामी झाले. साप, कोळी कशालाच ती घाबरेना. पण २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात भरपूर कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा हुंगायला दिल्यावर तीही प्रचंड घाबरली. म्हणजे भीतीची मुळं शरीरात आणखी खोल गेलेली आहेत.

यातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट अशी, की जुनी भीती सहसा पुसली जात नाही. तिच्यावर सुरक्षिततेचा नवा धडा गिरवावा लागतो, तोही अनुभवाने आणि पुन्हा पुन्हा. पाढे नाही का पाठ होत, तसं.

आमच्या एक चुलत वहिनी मोरीत घसरल्या. हाड मोडलं नाही, पण घराबाहेर पडणं बंद झालं. येणारा-जाणारा "वहिनी, धीर धरा" सांगून चहा पिऊन जायचा. फरक पडला तो नातसुनेमुळे. ती काही न बोलता रोज त्यांना हात धरून नेऊ लागली. आधी जिन्यापर्यंत, मग फाटकापर्यंत, मग कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत. दोन महिने लागले. आता वहिनी एकट्या देवळात जातात. धडधड होते म्हणतात अजून, पण जातात.

तेव्हा मंडळी, घरात कुणी असं घाबरत असेल तर त्याला भित्रा ठरवू नका. शब्दांऐवजी थोडा वेळ द्या. झोप, जेवण उडालं असेल तर डॉक्टर गाठा. सरकारची १४४१६ ही ‘टेलि-मानस’ हेल्पलाइनही आहे, २०२२ पासून, फुकट. मधुमेहाची गोळी घ्यायला आपण लाजत नाही, मग इथेच कसली लाज?

तुमचा अनुभव काय? जरूर कळवा.