सोर्स कोड खुला, पण कारभार कोणाचा?

ऑक्टोबर २०२२ मध्ये बंगळूरला रिक्षाचे पहिल्या दोन किलोमीटरचे सरकारी भाडे ३० रुपये होते. मात्र मोबाईल अ‍ॅपवरून रिक्षा बोलावणाऱ्यांकडून किमान १०० रुपये घेतले जात असल्याच्या तक्रारी आल्या आणि कर्नाटकच्या वाहतूक खात्याला ओला, उबर व रॅपिडो या कंपन्यांना नोटिसा बजावाव्या लागल्या. प्रवासी जादा पैसे मोजत होता, चालकाच्या घामातून कमिशन कापले जात होते.

या असंतोषातूनच नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘नम्म यात्री’ हे अ‍ॅप पुढे आले. ऑटोरिक्षा ड्रायव्हर्स युनियनने त्यात पुढाकार घेतला; बंगळूरच्याच जसपे कंपनीच्या तंत्रज्ञांनी ते घडविले. कमिशन नाही, भाडे थेट चालकाच्या हाती आणि सोर्स कोड, म्हणजे अ‍ॅपची मूळ संहिता, सर्वांना खुली. २०२३ मध्ये चालकांसाठी दिवसाला २५ रुपये असे शुल्क ठरले. पुढे बड्या कंपन्यांनाही रिक्षांपुरते कमिशन सोडून ठरावीक शुल्काकडे वळावे लागले. हे यश नाकारणे चूक ठरेल.

परंतु शुल्क किती, कोणती फेरी कोणाला, कोणती सुधारणा आधी, याचा निर्णय कोण घेतो? २०२४ मध्ये हा व्यवसाय मूव्हिंग टेक या स्वतंत्र कंपनीकडे गेला आणि गूगलसह इतरांनी तिच्यात १ कोटी १० लाख डॉलर गुंतविले. भांडवल धर्मादाय म्हणून येत नाही. ते आपला हिशेब मागतेच. संहितेची नक्कल करण्याचा हक्क चालकाला आहे, हे खरे. पण सर्व्हर, तंत्रज्ञ आणि पैसा नसेल तर तो हक्क कागदावरच राहतो.

कारभार वेगळ्या रीतीनेही चालू शकतो. जगभरच्या स्वयंसेवकांनी उभारलेल्या डेबियन या संगणकप्रणालीने १९९८ मध्ये स्वतःची घटना स्वीकारली. तिचे सदस्य दरवर्षी मतदानाने नेता निवडतात आणि सर्वसाधारण ठरावाने त्याचा निर्णय फिरवूही शकतात. मालकाविना शिस्त राहत नाही, हा दावा येथे खोटा ठरला आहे.

रिक्षाचालकाला तंत्रज्ञान कळत नाही, असे कोणी म्हणेल. पण रिकाम्या फेरीत किती इंधन जळते, नकाशावरची कोणती गल्ली प्रत्यक्षात बंद आहे, प्रवाशाची वाट पाहण्यात किती वेळ जातो, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक आहे? प्रत्येक सुधारणेचे मूळ या ज्ञानात आहे. ज्यांचे ज्ञान वापरले जाते, त्यांना मतही असलेच पाहिजे.

म्हणूनच कामगार संघटनांनी केवळ कमी शुल्कावर समाधान मानू नये. निर्णय घेणाऱ्या मंडळात चालकांचे निवडून दिलेले प्रतिनिधी, नियम बदलण्यापूर्वी जाहीर सूचना आणि हरकत घेण्याचा हक्क, या मागण्या पुढे रेटल्या पाहिजेत. कामगारांतील तरुणांना संहिता वाचता येईल असे शिक्षणही संघटनेनेच द्यावे. खुली संहिता ही शिदोरी आहे; वाट चालायची ती संघटनेच्या बळावरच.