ह्याला अर्थच नाही!

नरकचतुर्दशीची पहाट, तेल-उटणे आणि तांब्याच्या बंबातले कढत पाणी. आपल्याकडे आंघोळीचा थाट तो एवढाच. बंबाने फार तर धूर करावा आणि डोळे चुरचुरावेत. पुढे न्हाणीघराची बाथरूम झाली, बंब जाऊन गीझर आला, आणि आता महाबळेश्वर-पाचगणीच्या बंगल्यांतून पोहण्याचा तलाव व शेजारी गरम पाण्याची कुंडी दिसू लागली आहे. साताऱ्यात बसून फोनवर बोट टेकवावे, पाचगणीत पाणी तापते! माझी तक्रार नाही. (थोडा हेवा आहे, तो जाऊ द्या.) पण वीज, पाणी आणि उघडे अंग अशी तिघांची गाठ अंगणात पडते, तेव्हा गंमत गंमत राहत नाही.

गतवर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्या एका स्नेह्यांच्या पाचगणीच्या बंगल्यात अशी कुंडी बसली. नातवंडांची पहिली आंघोळ तिच्यातच, असे ठरलेले. पंप, हीटर, दिवे या सर्वांची मिळून भिंतीवर एक चकचकीत पेटी. जोडणीला सांगलीकडचा वायरमन आणला होता. कृष्णाकाठच्या मोटारी बसवण्यात त्याची हयात गेलेली. पेटी उघडून तो म्हणाला, "सर, ह्याला अर्थच न्हाई की!"

हे वाक्य मराठीच्या मास्तराला नवे नव्हे. निम्म्या उत्तरपत्रिकांवर मी तेच लिहितो. त्याला म्हणायची होती ती जमिनीत जाणारी तार.

"अहो, एमसीबी आहे ना?" स्नेही म्हणाले.

"साहेब, एमसीबी वायर वाचवतो, माणूस न्हाई."

बोलला ते खरे होते. सोळा अँपिअरचा एमसीबी त्याहून जास्त भार झाल्यावर पडायचा. त्याच्या पाचशेव्या हिश्श्याइतकी वीज ओल्या अंगातून गेली तरी जीव जाऊ शकतो. त्यासाठी आरसीसीबी लागतो. गेलेली आणि परत आलेली वीज तो तोलून पाहतो. 30 मिलिअँपिअरची तूट दिसली की क्षणात तोडतो. शिवाय शिडी, कठडा, पंपाचे अंग, काँक्रीटमधल्या सळ्या, सगळे एका तारेने जोडायचे, म्हणजे हात एकीकडे आणि पाय दुसरीकडे असला तरी मधून वीज धावत नाही. पाण्यातले दिवे 12 व्होल्टचे, आणि त्यांचा ट्रान्सफॉर्मर पाण्यापासून लांब.

अडले ते जमिनीपाशी. "आमच्याकडं काळी माती. खड्डा काढायचा, कोळसा-मीठ घालायचं, झालं. हितं जांभा, ओलच धरत न्हाई." दोन खोल खड्डे लागणार होते आणि दिवाळी चार दिवसांवर! स्नेही चिडले. "आंघोळ झाली की मग खणा," म्हणाले. वायरमनने पेचकस पिशवीत टाकला. ओल्या हाताने स्टार्टर दाबायला गेलेला त्याचा थोरला भाऊ नदीवरून परत आला नव्हता. एवढेच त्याने सांगितले, आणि आम्हीही पुढे विचारले नाही.

खड्डे झाले. कुंडी भरली ती भाऊबीजेला. पाण्यात कोणी उतरण्याआधी त्याने आरसीसीबीवरचे बारीक बटण दाबले; कुंडीचे दिवे फटकन गेले. "महिन्याला एकदा हे दाबून बघायचं. न्हाई गेले, तर पाण्यात उतरायचं न्हाई." पुढच्या महिन्यात ते कोणी दाबायचे, यावरून नातवंडांत तिथेच भांडण जुंपले.