पोलिसाने हटकलं तर…

या वेळच्या टपालात दोन पत्रं अशी निघाली, की जणू एकमेकींना उत्तर म्हणूनच लिहिली असावीत.

पहिलं एका आईचं. तिचा एकोणीस वर्षांचा मुलगा क्लासहून स्कूटरवर परतताना नाकाबंदीत अडकला. हेल्मेट नव्हतं, चूक त्याचीच. पण शब्दाने शब्द वाढला आणि त्याला चौकीत नेऊन बसवलं. फोन काढून घेतला. रात्री दीड वाजता तो घरी आला तेव्हा गालावर बोटं उमटलेली होती. "कुणाला विचारायचं, काय विचारायचं, काही सुचेना. हे म्हणतात, पोलिसांच्या नादी लागू नये. पण माझ्या मनातून ते जात नाही," असं त्या लिहितात.

दुसरं पत्र एका वाहतूक पोलिसाच्या पत्नीचं. "दिवाळी असो, गणपती असो, यांची ड्युटी ठरलेली. दिवसभर उन्हात, धुरात उभं राहायचं, आणि ज्याला थांबवावं तो विचारणार, 'मी कोण आहे माहीत आहे का?' वर्दीच्या आत माणूसच असतो, हे कुणी लिहील का?"

लिहायला हवं, आणि दोघींच्याही बाजूने लिहायला हवं. कारण हा वाद आता घरोघरी आहे. हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांतसुद्धा दोन तट पडतात. एक म्हणते, पोलीस माजलेत. दुसरी म्हणते, लोकांनाच धाक उरला नाही. दोघींकडेही दाखले असतात. २०१६ सालच्या ऑगस्टमध्ये मुंबईत खारला एका वाहतूक हवालदाराने विनाहेल्मेट गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला थांबवलं. मुलाने भावाला बोलावून घेतलं, हवालदाराच्या डोक्यात घाव बसला आणि काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. दुसरीकडे १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण जिवांचा बळी घेतला. त्याला त्याच दिवशी जामीन मिळाला, आणि अटींमध्ये एक होती तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची! पुढे कर्तव्यात कसूर केल्याबद्दल दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. स्कूटरवाल्याच्या पोराला थप्पड आणि मोटारवाल्याच्या पोराला निबंध, असं लोक म्हणू लागले तर त्यांचं काय चुकलं?

पण नुसत्या वादाने आपल्या घरातल्या माणसाचं संरक्षण होत नाही. ते होतं कायद्याने, आणि कायदा चालतो कागदावर. त्या रात्री त्या आईला आरडाओरडा करायची गरज नव्हती आणि घाबरून घरात बसायचीही नव्हती. तिला हवे होते चार साधे प्रश्न. ते आज आपण पाहू.

आधी रस्त्यावरचं

गणवेशातल्या पोलिसाने मागितलं तर लायसन दाखवणं हे चालकावर बंधनकारक आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातच तसं आहे. कागद घरी राहिले म्हणून घाबरायचं मात्र कारण नाही. मोबाइलवर डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये असलेलं लायसन आणि आरसी बुक चालतं. घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ते आजच भरून ठेवा. रविवारचं एक तासाचं काम आहे.

हेल्मेट नाही, सिग्नल मोडला, पट्टा लावला नाही, यासाठी दंड आहे. दंडाची पावती किंवा ई-चलन घ्यावं. पावतीशिवाय हातावर पैसे टेकवू नयेत. २०१८ सालापासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावीच लागली तर सात दिवसांच्या आत तक्रार करणाऱ्याला कायदा वाचवतो. लाचलुचपत विभागाचा क्रमांक १०६४.

दारू पिऊन किंवा बेदरकारपणे गाडी चालवली तर मात्र विनावॉरंट अटक होऊ शकते. नियम मोडून वर नाव-पत्ता सांगायला नकार दिला तरीही होऊ शकते. म्हणून मुलांना एवढं शिकवा: गाडी बाजूला घ्यायची, हात दिसतील असे ठेवायचे, नाव सांगायचं आणि 'साहेब, काय चुकलं?' असं विचारायचं. अंगावर जायचं नाही. वर्दीवर हात टाकणं हा वेगळाच, मोठा गुन्हा आहे. हजाराच्या दंडापायी कोठडी ओढवून घेऊ नये.

आणि एक कानगोष्ट. सोळा वर्षांच्या मुलाला "जा रे, एवढी कोथिंबीर घेऊन ये" म्हणत स्कूटरची किल्ली देत असाल तर थांबा. लायसन नसलेल्या अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही ते वेगळंच. हवालदाराने अशा मुलाला अडवलं तर तो आपल्यावर उपकारच करत असतो.

आता चौकीतलं

घरातल्या माणसाला पोलिसांनी नेलं, असा निरोप आला की पहिली गोष्ट: एकटीने जाऊ नका, पण जा. सोबत दीर, शेजारचे काका, ओळखीचे वकील, कुणीही जाणतं माणूस घ्या. ठाणे अंमलदारासमोर शांतपणे बसा आणि विचारा.

पहिला प्रश्न: अटक केली आहे का? "नाही हो, नुसतं बसवून ठेवलंय," असं उत्तर आलं तर पुढचं वाक्य, "मग घेऊन जाऊ का?" खरी मेख इथेच असते. त्या आईच्या मुलाच्या बाबतीत कागदावर काही झालंच नव्हतं, म्हणून कुणी जबाबदारही नव्हतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, गुन्हा रोखण्यासाठी दिलेला पोलिसांचा आदेश धुडकावणाऱ्याला ताब्यात घेता येतं. पण त्यालाही २४ तासांची मर्यादा आहे.

दुसरा प्रश्न: कोणत्या कलमाखाली, आणि कारण काय? अटकेचं कारण सांगणं हे संविधानाच्या २२ व्या कलमानेच बंधनकारक केलं आहे. मुंबईतल्या एका मोटार अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये आणखी स्पष्ट केलं, की हे कारण लेखी आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यायला हवं. गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

तिसरा प्रश्न: अटकेचा कागद कुठे आहे? अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव वाचता येईल असं हवं, आणि अटकेचा कागद तिथल्या तिथे व्हायला हवा. त्यावर घरच्या माणसाची किंवा त्या वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते. मैत्रिणींनो, हे नीट लक्षात घ्या. 'बायकांचं इथं काय काम' असं कुणी म्हणालं तरी कायद्याने त्या कागदावर तुमच्या सहीसाठी जागा ठेवलेली आहे. सही करण्यापूर्वी तारीख आणि वेळ वाचा. अकराला नेलेलं असताना दोनची वेळ लिहिली असेल तर सही करण्याआधी ती दुरुस्त करायला सांगा. कारण त्या वेळेपासूनच २४ तास मोजले जातात, आणि तेवढ्यात, प्रवासाचा वेळ सोडून, माणसाला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं.

चौथा प्रश्न: डॉक्टरांकडे कधी नेणार? अटक झालेल्याची वैद्यकीय तपासणी करून अंगावरच्या खुणा लिहून घेणं आवश्यक आहे आणि त्या अहवालाची प्रत मागता येते. आपली पहिली पत्रलेखिका मुलाला त्याच रात्री सरकारी दवाखान्यात घेऊन गेली असती, तर गालावरची ती बोटं कागदावर उतरली असती. आता ती पुसली गेली. पण वेळ, चौकीचं नाव, हवालदाराच्या छातीवरचं नाव आठवत असेल तर अजूनही लेखी अर्ज देता येईल. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या ठाण्यांत कॅमेरे बसवून चित्रण जपून ठेवायला सांगितलं आहे. अर्जात त्याचीही मागणी करावी. अर्ज पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे, आणि तिथे दाद नाही लागली तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे किंवा मानवी हक्क आयोगाकडे. प्रत्येक अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

बाईमाणसासाठी

सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करू नये, असा नियम आहे. अगदी असाधारण प्रसंग असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यावी लागते. झडती स्त्रीनेच घ्यायची, तीही मर्यादा सांभाळून. साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल तर बाईला ठाण्यात बोलवता येत नाही. पोलिसांनी तिच्या घरी यायचं. स्वतःवरच संशय असेल तेव्हा मात्र हजर राहण्याची नोटीस येऊ शकते. ती घ्यावी आणि वकिलाला दाखवावी.

हे नियम आकाशातून पडले नाहीत. ओरिसाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांना १९७७ साली कटकमध्ये पोलिसांनी चौकशीसाठी ठाण्यात बोलावलं. त्यांनी उत्तरं द्यायला नकार दिला, म्हणून खटला झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने बाईला असं ठाण्यात बोलावणंच गैर ठरवलं. मुख्यमंत्रिपद भूषवलेल्या बाईवर ही वेळ आली, तिथे तुमचीआमची काय कथा!

१९८२ च्या मे महिन्यात पत्रकार शीला बरसे मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगातल्या पंधरा कैदी बायकांना भेटल्या. पैकी पाचजणींनी कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. त्यांनी न्यायालयाला पत्र लिहिलं, आणि १९८३ साली आदेश निघाले: स्त्रियांची कोठडी वेगळी हवी, पहाऱ्याला महिला पोलीस हव्यात, चौकशी महिला पोलिसांसमोरच व्हावी. १९८६ साली पश्चिम बंगालमध्ये कायदेविषयक मदतीचं काम करणाऱ्या डी. के. बसूंनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून सरन्यायाधीशांना असंच पत्र धाडलं. निकालाला दहा वर्षं लागली, पण डिसेंबर १९९६ मध्ये न्यायालयाने अटकेचे अकरा नियम घालून दिले. अटकेच्या कागदावरची ती घरच्या माणसाची सही त्यातूनच आली. तेव्हा एका पत्राने काय होणार, असं म्हणू नका.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर हे वाचा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. फोन १५१००. तातडीच्या मदतीसाठी ११२.

आणि दुसऱ्या पत्रलेखिकेला सांगते: बाई, हे सगळे नियम तुमच्या यजमानांविरुद्ध नाहीत. जो पोलीस कागद नीट करतो, त्याच्यावर उद्या कुणी खोटं बालंट आणू शकत नाही. वेळ, कारण, सही लिहिलेली असली की चांगल्या पोलिसाची पाठ राखली जाते आणि उघडा पडतो तो हात उगारणारा.

आता एक काम करा. घरच्या सगळ्यांचे रक्तगट, एका ओळखीच्या वकिलाचा क्रमांक, १५१०० आणि ११२ असं एका कागदावर लिहा आणि गॅस एजन्सीच्या क्रमांकाशेजारी चिकटवा. खाली ते चार प्रश्न: अटक आहे का? कारण काय? कागद कुठे? डॉक्टर कधी? मुलांकडून ते एकदा मोठ्याने म्हणवून घ्या. मुलींकडूनही.