मोजणी वेगळी, बारसं वेगळं

1869 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी किनारा सर्वेक्षणाचे जॉर्ज डेव्हिडसन खग्रास सूर्यग्रहणासाठी अलास्कातल्या क्लुकवान गावी गेले. तिथला ट्लिंगिट प्रमुख कोहक्लक्स आणि त्याच्या दोन बायकांनी दोन-तीन दिवस खपून, एका मोठ्या नकाशाच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने त्यांना नवा नकाशा काढून दिला. किनाऱ्यावरून डोंगर ओलांडून युकॉन नदीवरच्या फोर्ट सेलकर्कपर्यंतची वाट त्यात होती. वाटेतली तळी, नद्या, शिखरं होती. 1852 मध्ये कोहक्लक्सने ही वाट स्वतः तुडवली होती. पलीकडच्या लोकांशी चालणारा व्यापार याच वाटेवर अवलंबून, म्हणजे त्याने हातचं गुपितच दिलं. पुढे 1883 मध्ये अमेरिकी लष्कराचे फ्रेडरिक श्वाटका तराफ्यावरून युकॉन उतरले आणि दिसेल त्या जागेला नाव देत सुटले. एक तळं न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रमालक बेनेटच्या नावे, एक जीवाश्मतज्ज्ञ मार्शच्या, घळ जनरल माइल्सच्या. ही सगळी ठिकाणं कॅनडाच्या हद्दीत!

तिथल्या लोकांची नावं डावलली गेली म्हटलं, की हमखास आक्षेप येतो: कोहक्लक्सच्या नकाशाला ना अक्षांश-रेखांश, ना प्रमाण, शास्त्रीय नकाशा नंतरच्यांचाच. पहिला भाग खरा आहे. 1887-88 मध्ये विल्यम ओगिल्वी यांनी अलास्का-कॅनडा सीमेच्या 141 व्या रेखांशाची जागा खगोलीय वेधांवरून ठरवली, म्हणून सोन्याचे कोणते ओढे कॅनडाचे हे कळलं. ते श्रेय त्यांचंच. पण तळ्याचं नाव बेनेट असल्याचं कोणत्याही दुर्बिणीतून दिसत नाही. मोजणीचा मान बारशाला आपोआप मिळाला, एवढंच. हा आजचा शहाणपणा म्हणावा, तर 1887 मध्येच त्या भागात गेलेल्या भूवैज्ञानिक जॉर्ज डॉसन यांनी प्रचलित नावं डावलल्याबद्दल श्वाटकांना दोष दिला होता. तरी छापून पसरलेली बरीच नावं टिकली.

ही नावं आता बदलू नयेत, असं म्हणणाऱ्यांचाही मुद्दा अगदीच पोकळ नाही. 1898 मध्ये सोन्यासाठी क्लोंडाइककडे निघालेल्या हजारोंनी बेनेटच्या काठी होड्या बांधल्या. त्या नावालाही आता इतिहास आहे. शिवाय एकाच तळ्याला ट्लिंगिट, टागिश, दक्षिण टचोन भाषांत वेगवेगळी नावं असू शकतात. मग छापायचं कोणतं? जागा असेल तिथे सगळी छापावीत. एका शिखराची उंची पाच ठिकाणांहून मोजून ताळा लावणाऱ्यांना तीन नावं जड जाऊ नयेत. 1993 च्या युकॉन करारात स्थलनामांबाबत मूळ रहिवाशांशी विचारविनिमयाची तरतूद आहेच. तिचा उपयोग केवळ नव्या नावांपुरता ठेवला, तर श्वाटकांची यादी जशीच्या तशी पुढच्या नकाशांत उतरत राहील.