रंग उजळले, नजरेचे काय?

२००१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या कॅप्सूल एंडोस्कोपीने लहान आतड्याचा दुर्गम प्रदेश वैद्यकाच्या दृष्टिपथात आणला. एका तपासणीत सुमारे ५० हजार छायाचित्रे मिळतात. विकृती मात्र एखाद-दुसऱ्याच चित्रात असू शकते. ‘फाइस’सारखी प्रणाली नवा प्रकाश टाकीत नाही, टिपलेल्या चित्राचेच रंग बदलून रक्तवाहिन्यांची विकृती उठावदार करते. परंतु उठावासोबत आभासही वाढू शकतात. निरुपद्रवी लाल ठिपका विकृती ठरला, तर रुग्णाला अनावश्यक एंटेरोस्कोपी सोसावी लागते. खरी विकृती निसटली, तर रक्त चढविण्याचे चक्र थांबत नाही. म्हणून प्रथम मूळ चित्रे सावकाश पाहावीत आणि संशयाच्या जागीच रंगवर्धन योजावे, असे माझे मत आहे. अस्वच्छ आतडे आणि उतावीळ नजर यांवर रंगांपाशी उतारा नाही.