आत्याबाईच्या मिशा आणि सरहद्दीची पलटण

आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते, असे म्हणून ‘जर-तर’ची वाट बंद करून टाकण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. मला ही म्हण कधीच पटली नाही. जे घडले ते तसेच का घडले हे उमजायचे असेल, तर जे घडले नाही त्याचाही हिशेब मांडून पाहावा लागतो. मात्र हिशेब वाण्याच्या वहीसारखा हवा. पानिपत जिंकले असते तर काय, असल्या ऐसपैस प्रश्नांनी नुसती छाती फुगते, जमाखर्च जुळत नाही. म्हणून यंदा फराळाचे ताट बाजूला सारून मी एक लहानसा, कोरडा, सरकारी प्रश्न घेऊन बसलो. आपले सीमा सुरक्षा दल १ डिसेंबर १९६५ रोजी उभे राहिले. ते १९४८ सालीच उभे राहिले असते तर?

आधी खरोखर घडले ते सांगतो. १९४७ च्या फाळणीने देशाच्या दोन्ही अंगांना नवी सरहद्द आखली. लष्कर काश्मिरात गुंतलेले. सरहद्दीवरचा रोजचा पहारा आला तो त्या त्या राज्याच्या सशस्त्र पोलिसांकडे. पंजाबची हद्द पंजाबने राखावी, राजस्थानची राजस्थानने. जितकी राज्ये तितके वरिष्ठ, तितके पगार, तितक्या तऱ्हा. आणि हे काही दूरदेशीचे नव्हे बरे! १९५६ ते १९६० या काळात कच्छ द्वैभाषिक मुंबई राज्यात होता; म्हणजे ज्या सरकारचे सचिवालय मुंबईत, त्याची एक हद्द थेट पाकिस्तानला भिडलेली होती. या राज्याने आपले राखीव पोलीस दल ६ मार्च १९४८ रोजी पुरंदर येथे उभारले होते, पण ते बंदोबस्तासाठी. दंग्यात लाठी चालवणे निराळे आणि शेजारच्या राष्ट्राच्या तोफेपुढे उभे राहणे निराळे.

तसे उभे राहण्याचा प्रसंग ९ एप्रिल १९६५ रोजी आला. कच्छच्या रणातील सरदार चौकीवर पाकिस्तानच्या एका ब्रिगेडने चाल केली. चौकीत होत्या केंद्रीय राखीव पोलिसांच्या दुसऱ्या पलटणीच्या दोन कंपन्या. त्यांनी तो हल्ला परतवला. तो दिवस त्या दलात आजही शौर्यदिन म्हणून पाळतात, आणि ते योग्यच आहे. पण शौर्याला हार घालून झाल्यावर एक प्रश्न उरतोच: ब्रिगेडशी लढायची पाळी पोलिसांवर का यावी? सप्टेंबरात मोठे युद्ध झाले आणि मग डिसेंबरात दल आले. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा आपला शिरस्ता येथेही चुकला नाही.

आता, वाचकहो, घटकाभर माझी नेमणूक करा. साल १९४८. १९६५ साली होत्या तितक्याच, म्हणजे पंचवीस पलटणी मला उभ्या करायच्या आहेत.

पहिली गोष्ट माणसे. आणि येथेच मला हेवा वाटावा असे घबाड हाती लागते. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य २५ लाखांपर्यंत फुगले होते. युद्ध संपताच त्यातले लाखो जवान घरी परतले. १९४८ साली साताऱ्याच्या आणि रत्नागिरीच्या खेड्यापाड्यांतून असे हवालदार बसलेले होते, की ज्यांनी आफ्रिकेत केरेनचा डोंगर चढला होता, इटलीत नद्या ओलांडल्या होते-नव्हते ते सारे पाहिले होते. त्यांना कवायत शिकवायची गरज नव्हती, मनिऑर्डरीची होती. १९६५ साली दल उभे करताना राज्याराज्यांच्या सशस्त्र पोलिसांच्या पलटणी घेऊन त्यांचा एक जीव करावा लागला. माझे काम त्याहून सोपे झाले असते.

वाहनांचेही तसेच. वाळवंटात जीपगाडीपेक्षा उंट भरवशाचा. बिकानेरच्या महाराजांची ‘गंगा रिसाला’ ही उंटस्वारांची फौज चीनपर्यंत जाऊन आली होती, १९१५ साली सुएझ कालव्यावर लढली होती. संस्थाने विलीन होत होती. तेव्हा तयार उंट आणि तयार स्वार, दोन्ही दाराशी होते. पुढे सीमा सुरक्षा दलाने उंट ठेवलेच, आणि अजूनही ठेवले आहेत.

आता खर्चाची बाजू. दर पलटणीस हजार माणसे धरा. पंचवीस हजार माणसांना प्रत्येकी बुटांचे दोन जोड, म्हणजे पन्नास हजार जोड. तीन-तीन घोंगड्या, म्हणजे पंचाहत्तर हजार. पाण्याच्या टाक्या, तंबू, कंदील, औषधाची पेटी, रजेचा पास. दिवाळीत पोरे मातीचा किल्ला करतात आणि त्यावर मावळे मांडतात. त्या मावळ्यांना भूक लागत नाही हा मोठा फायदा असतो. खऱ्या चौकीवरच्या शिपायाला पायाला फोड येतात, घरचे पत्र उशिरा आले तर झोप लागत नाही. म्हणून माझ्या यादीत बंदुकीच्या वर बूट आहेत, आणि बुटांच्याही वर बिनतारी संदेशयंत्र आहे. ज्या चौकीची हाक कोणाला ऐकू जात नाही, ती चौकी नव्हे, पिंजरा आहे.

मग शस्त्रे. येथे थोडे थांबले पाहिजे. १८५७ नंतर हिंदी माणसाच्या हाती कोणते हत्यार द्यावे याचा इंग्रजाने फार बारकाईने विचार केला. पुढे पोलिसांसाठी ईशापूरच्या कारखान्यातून ‘.४१० मस्केट’ निघाली. दिसायला थेट .३०३ रायफल, पण नळी आतून गुळगुळीत आणि एका वेळी एकच काडतूस. लष्करी काडतूस तिला चालत नसे. म्हणजे शिपाई बंडावर उठलाच, तर त्याच्या हाती अर्धीच बंदूक! हत्यार हे धन्याच्या मनातल्या भीतीचे माप असते, ते असे. मी माझ्या पलटणीला पुरी .३०३ रायफल दिली असती, ब्रेनगन दिली असती, लहान उखळी तोफाही दिल्या असत्या. लष्कर येऊन पोहोचेपर्यंत चौकी टिकावी, इतके बळ तिच्यापाशी असलेच पाहिजे.

येथवर माझी पलटण झकास चालली होती. मग मी तिला १९५५ सालात आणून उभी केली, आणि लेखणी अडखळली.

२१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी पोलिसांनी गोळीबार केला. पुढे जानेवारी १९५६ मध्ये पुन्हा केला. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराहून अधिक माणसे गेली. त्या जागेला आज आपण हुतात्मा चौक म्हणतो. जे झाले ते राज्याच्या पोलिसांच्या रायफलींनी झाले. त्या दिवसांत दिल्लीच्या हाताशी पंचवीस पलटणी असत्या, ब्रेनगनसह, उखळी तोफांसह, तर? मोरारजीभाईंनी त्या मागितल्या नसत्या, आणि दिल्लीने दिल्या नसत्या, असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल? सरहद्दीसाठी पाजळलेली तलवार घरात भिंतीवर टांगली, की कधीतरी भांडणात तिच्याकडे हात जातो.

म्हणून काय दल उभारूच नये? तसे मी म्हणणार नाही. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखात हॉट स्प्रिंग्जपाशी चिनी सैनिकांच्या गोळ्यांनी दहा पोलीस पडले. हा दिवस देशभर पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. माझ्या कागदी पलटणीने ते दहा जीव वाचले असतेच असा दावा मी करीत नाही. दिल्लीचे धोरण आणि डोंगरातली गस्त यांच्यातले अंतर उखळी तोफेने भरून निघत नाही. पण ज्याला आपण तोफेच्या तोंडी पाठवतो, त्याला अर्धी बंदूक देऊन पाठवणे हे पाप आहे. आणि पुरी बंदूक दिल्यावर ती कोणावर रोखायची नाही हे लिहून न ठेवणे, हे दुसरे पाप.

हा दुहेरी हिशेब ज्याला कळला असा एक माणूस खरोखर होऊन गेला, आणि तो आपल्या विदर्भातला. खुसरो फरामुर्झ रुस्तमजी. जन्म १९१६, नागपूरजवळच्या कामठीचा. सीमा सुरक्षा दलाचे ते पहिले प्रमुख. त्यांनी ते दल बांधले. १९६८ साली त्या दलाचा स्वतंत्र कायदा झाला. १९७१ च्या युद्धात ते कसाला लागले आणि उतरले. त्यापुढची गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. निवृत्तीनंतर राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सभासद म्हणून ते बिहारच्या तुरुंगांत फिरले. खटला न चालताच वर्षानुवर्षे खितपत पडलेले कैदी त्यांनी पाहिले आणि १९७९ साली त्यांच्याविषयी वर्तमानपत्रात लिहिले. त्या लेखनावरून सर्वोच्च न्यायालयात हुसैनारा खातूनचा प्रसिद्ध खटला उभा राहिला आणि हजारो कच्च्या कैद्यांची सुटका झाली. ज्या हाताने पलटणीला शस्त्रे वाटली, त्याच हाताने बंदिवानांचे दिवस मोजले.

तेव्हा माझ्या १९४८ च्या कागदावर सही करताना मी कलमांचा क्रम असा लावीन. पहिले कलम: दलाचा धनी कोण आणि त्याने जाब कोणाला द्यायचा. दुसरे: संदेशयंत्र. तिसरे: बूट, घोंगडी, रजा. चौथे: पुरी बंदूक. आणि पाचवे: ब्रेनगन व उखळी तोफ सरहद्दीचा शेवटचा मैल सोडून मागे यावयाची नाही, कोणत्याही मंत्र्याच्या तारेने नाही.

पहिली चार कलमे अर्थखाते काटछाट करून का होईना, मंजूर करील. पाचव्याला पैसा लागत नाही. त्यावर मात्र सही मिळवायला सर्वांत जास्त खेटे घालावे लागतील.