हेलियम विजयदुर्गावर सापडला नाही : लॉकयर नावाच्या एका कारकुनाची हकिकत (धागा)

दरवर्षी १८ ऑगस्ट उजाडला की तीच पोस्ट नव्याने फिरू लागते. किल्ले विजयदुर्ग, १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण, तटावर दुर्बीण रोखून उभा असलेला इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर आणि हेलियमचा शोध. सोबत किल्ल्यावरील ‘साहेबाच्या ओट्यां’चे छायाचित्र. कोकणाच्या अभिमानाची ही गोष्ट ऐकायला गोड आहे. तिच्यात उणीव एकच : त्या दिवशी लॉकयर हिंदुस्थानात नव्हताच.

तो कोठे होता हे समजून घ्यायचे, तर तो कोण होता हे आधी पाहावे लागते. या पोस्टी नेमके तेच सांगत नाहीत. त्यांच्या लेखी तो ‘प्रख्यात ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ’ असतो. जणू केंब्रिजची पदवी खिशात घालून सरकारी खर्चाने जहाजात बसलेला.

लॉकयरचा जन्म १८३६ चा, इंग्लंडमधील रग्बी गावचा. वडील शल्यवैद्य व औषधविक्रेते. त्यांना विजेच्या तारायंत्राचा नाद. घरात विज्ञानाची चर्चा होती, पण मुलाच्या वाट्याला विद्यापीठ आले नाही. काही खासगी शाळा, मग भाषा शिकण्यासाठी स्वित्झर्लंड आणि फ्रान्समधील मुक्काम. एवढ्यावर त्याचे औपचारिक शिक्षण आटोपले. १८५७ मध्ये तो लंडनच्या युद्धखात्यात कारकून म्हणून चिकटला.

व्हिक्टोरियन काळातील वैज्ञानिकाचा माग काढताना आजचा अभ्यासक सवयीने विद्यापीठांच्या नोंदी उघडतो. तेथे हा माणूस सापडत नाही. तो सापडतो खगोल-मंडळाच्या प्रकाशनांत, रॉयल सोसायटीच्या इतिवृत्तांत आणि त्याच्या पत्नीने व कन्येने १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात. त्या काळच्या इंग्लंडमध्ये विज्ञानाचा पगार मिळणे हीच दुर्मीळ गोष्ट होती. पोटासाठी कचेरी आणि उरलेल्या वेळात आकाश, हा अपवाद नव्हता, रिवाज होता. पुढे ज्याच्या प्रयोगशाळेत लॉकयरने वायूंच्या वर्णपटांवर काम केले, तो रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंडही औषधाच्या दुकानातील उमेदवारीतूनच वर आला होता. (निदान त्याने नंतर जर्मनीतील मारबुर्गची डॉक्टरेट तरी मिळवली.)

दिवसा युद्धखात्याचे कागद आणि रात्री विम्बल्डनच्या घरची दुर्बीण, असा लॉकयरचा क्रम होता. १८६२ मध्ये मंगळ पृथ्वीजवळ आला तेव्हा त्याने कुक कंपनीच्या सव्वासहा इंची दुर्बिणीतून त्याची काळजीपूर्वक रेखाटने केली. ती खगोल-मंडळाने प्रसिद्ध केली, आणि या कारकुनाचे नाव जाणकारांच्या तोंडी झाले.

खरा पेच पुढे आहे. ग्रहणाच्या वेळी सूर्यबिंबाच्या कडेला लालसर ज्वाळा दिसतात. एरवी सूर्याच्या झगमगाटात त्या हरवतात. १८६६ मध्ये लॉकयरने प्रश्न टाकला : ग्रहणाची वाट कशासाठी पाहायची? वर्णपटदर्शक, म्हणजे स्पेक्ट्रोस्कोप, प्रकाशाला पसरवतो. सूर्याचा सलग प्रकाश लांबवर पसरला की फिका पडतो. ज्वाळा जर तापलेल्या वायूच्या असतील, तर त्यांचा प्रकाश मोजक्याच रेषांत एकवटलेला असणार, आणि त्या रेषा कितीही पसरवल्या तरी तेजस्वीच राहणार. म्हणजे पुरेसे शक्तिशाली यंत्र असेल, तर या ज्वाळा कोणत्याही निरभ्र दिवशी, घरबसल्या दिसायला हव्यात.

रॉयल सोसायटीच्या मदतीने त्याने तसे यंत्र करायला टाकले. कारागिरांनी रखडवले. १८ ऑगस्टचे ग्रहण होऊन गेले, तरी यंत्र हाती नव्हते. ते मिळाले ऑक्टोबरच्या मध्यात, आणि २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडमध्येच, ग्रहणाचा मागमूस नसताना, त्याला त्या रेषा दिसल्या. गुंटूरला ग्रहण पाहायला आलेल्या फ्रेंच झान्सेनला तीच युक्ती ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी साधली होती. दोघांच्याही वार्ता पॅरिसच्या विज्ञान अकादमीत २६ ऑक्टोबरच्या एकाच बैठकीत जाहीर झाल्या, आणि फ्रेंच सरकारने दोघांच्या मुद्रा असलेले एकच पदक काढले.

या ज्वाळांच्या वर्णपटात एक पिवळी रेषा होती. ग्रहण पाहणाऱ्यांपैकी अनेकांनी ती सोडियमची धरली. लॉकयरने निवांतपणे, पुन्हा पुन्हा पाहून ठरवले, की तिची जागा सोडियमच्या जोडरेषेशी जुळत नाही. तिच्यामागच्या अज्ञात द्रव्याला पुढे ‘हेलियम’ हे नाव मिळाले. पृथ्वीवर ते १८९५ मध्ये विल्यम रॅमझीच्या प्रयोगशाळेत हाती लागले.

तेव्हा विजयदुर्गाची कथा केवळ तारखेची चूक नाही. ग्रहणाविना सूर्याच्या ज्वाळा पाहता येतात, हीच लॉकयरची कामगिरी. त्याला ग्रहणाच्या वेळी तटावर उभे करणे म्हणजे शोध बाजूला सारून देखावा ठेवणे होय.

मग किल्ला या कथेत आला कोठून? लॉकयर विजयदुर्गास खरोखर आला होता. पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तेव्हा तो एकसष्ट वर्षांचा, ‘सर’ झालेला, ‘नेचर’ नियतकालिकाचा संस्थापक-संपादक होता. ‘मेलपोमीन’ या युद्धनौकेवरील मंडळी त्याच्या दिमतीस होती. हेलियम तोवर प्रयोगशाळेतही सापडून गेला होता. कोणीतरी या दोन ग्रहणांतील तीस वर्षे गाळली, आणि बाकीच्यांनी ती पोस्ट पुढे ढकलली.

‘किल्ल्याचे नाव तर होते ना, काय बिघडले?’ हा युक्तिवाद हमखास येतो. पहिले असे, की मराठा आरमाराचा हा दुर्ग. त्याला मोठेपणासाठी एका साहेबाची उसनी हजेरी का लागावी? दुसरे, खोट्या गोष्टीने खऱ्या गोष्टींची जागा अडवली जाते. १८६८ च्या ग्रहणासाठी लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखिंडीत वर्णपटदर्शक घेऊन आला होता आणि ढगांशी झुंजत त्याने निरीक्षणे नोंदवली. हे किती जणांना ठाऊक आहे? आणि १८९८ च्या त्याच ग्रहणाच्या वेळी, लॉकयर विजयदुर्गावर असताना, पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राध्यापक व तेथील महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणे घेऊन सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे उभे होते. त्यांनी त्या ग्रहणाचा स्वतंत्र अहवालही प्रसिद्ध केला. त्यांच्या नावाची पोस्ट १८ ऑगस्टला सोडाच, २२ जानेवारीलाही सहसा दिसत नाही.